पावसाळ्याआधी गाडीचे टायर पारखून घ्या

बचत गटांच्या आपल्या कार्यक्रमात आज एका श्रोत्या ताईंचा प्रश्न घेतला आहे. त्यांची भाची कॅनडात असते. तिकडे थंडी सुरू झाली की गाडीची चारही चाकं काढून हिवाळ्याची दुसरी चाकं बसवतात, असं तिनं सांगितलं. ताई विचारतात, "आपल्याकडे पाऊस एवढा पडतो, मग आपणही पावसाळ्यासाठी चाकांचा दुसरा संच घेऊन ठेवावा का?"

उत्तर आधी सांगते. घेऊ नका. पण जो एक संच गाडीला आहे, तो मृगाच्या आत पारखून घ्या. कसा, तेच आज बघू.

तिकडे दोन संच का लागतात? टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण सात अंशांच्या खाली तापमान गेलं की नेहमीच्या टायरची रस्त्यावरची पकड कमी व्हायला लागते. म्हणून हिवाळ्याच्या टायरचं रबर मुद्दाम मऊ बनवतात आणि बर्फात रुतावं म्हणून नक्षीत बारीक चिरा ठेवतात. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर लावणं कायद्यानंच बंधनकारक आहे. दरवेळी टायर रिमवरून उतरवायचा त्रास नको, म्हणून बरेच लोक रिमसकट दुसरी चाकं ठेवतात. पण हेच मऊ रबर आपल्या एप्रिल-मेच्या डांबरावर भराभर झिजतं आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. तेव्हा जुन्या बाजारात कुणी स्वस्तात टायर देऊ केला आणि त्याच्या अंगावर डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चित्र दिसलं, तर तो घेऊ नका. तो बर्फासाठी बनवलेला आहे.

आपल्या टायरचं काम वेगळं आहे. त्याला उन्हाळ्याचा तापलेला रस्ताही सोसायचा असतो आणि जुलैचं पाणीही कापायचं असतं. धावत्या गाडीचा एकेक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. म्हणजे सासूबाई, लेकरं, दवाखान्यात न्यायची बाळंतीण, बाजाराची पोती, सगळा भार चार तळहातांवर असतो. म्हणून हा विषय फक्त ड्रायव्हरचा नाही. गाडीत बसणाऱ्या बाईचाही आहे.

नक्षी किती उरली?

शेतात पाणी साचू नये म्हणून आपण चर काढतो. टायरवरच्या खाचा हे तसेच चर आहेत. रस्त्यावरचं पाणी त्या बाजूला फेकतात, म्हणून रबर रस्त्याला चिकटून राहतं. चर बुजले की टायर पाण्याच्या थरावर तरंगतो. अशा वेळी स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबला तरी गाडी ऐकत नाही. ताशी साठच्या वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते, हे लक्षात घ्या.

खाच मोजायला मुलांच्या कंपास पेटीतली पट्टी आणि काडेपेटीतली एक काडी पुरते. काडी खाचेत तळापर्यंत उभी घाला, वरच्या कडेला नखानं खूण करा आणि पट्टीवर मोजा. कायद्यानं चारचाकीला कमीत कमी १.६ मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिलिमीटर खोली लागते. चारचाकीच्या टायरच्या मुख्य खाचांमध्ये तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजत त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला असं समजायचं. पण कायद्याची हद्द म्हणजे अगदी शेवटची पायरी आहे. पावसाळा काढायचा असेल तर चारचाकीला निदान तीन मिलिमीटर नक्षी असू द्या.

एकाच ठिकाणी मोजू नका. मध्ये, आतल्या कडेला आणि बाहेरच्या कडेला बघा. मध्येच जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी असते. एकच कड खाल्ली असेल तर चाकांची दिशा बिघडली आहे, म्हणजे अलाइनमेंट करून घ्यावी लागेल. ती केली नाही तर नवा टायरही तसाच खराब होईल.

टायरचं वय किती?

कुकरची रिंग जुनी झाली की कडक होते, तडकते आणि वाफ धरत नाही. टायरचंही तसंच असतं. गाडी कमी फिरली, नक्षी भरपूर दिसते, तरी उन्हात उभं राहून रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर इंग्रजीत डी, ओ, टी ही अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३२५ असेल तर टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनमध्ये बनला. बाहेरच्या बाजूला आकडे दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूला बघा.

टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या. दहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही असो, काढून टाका. बाजूला भेगा दिसल्या किंवा फुगवटा आला असेल तर वय बघत बसू नका, लगेच बदला. आणि स्टेपनी विसरू नका. बऱ्याच गाड्यांत सगळ्यात म्हातारा टायर तोच असतो, आणि भर पावसात घाटात आपल्याला त्याचीच गरज पडते.

नवा घेताना काय बघायचं?

टायरच्या बाजूवर १६५/८० आर १४ असं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं असतं. १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे उंची रुंदीच्या ८० टक्के. १४ म्हणजे रिमचं माप इंचांत. गाडीच्या माहितीपुस्तकात जे माप दिलं असेल तेच घ्या. "थोडा रुंद टाका, गाडी भारी दिसते," असं दुकानात सांगतात. पण माप बदललं की स्पीडचा काटा चुकतो, टायर कुठेतरी घासतो आणि गाडी डिझेल जास्त खाते.

त्यापुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. अक्षर वेगाचं, आकडा भाराचा. ८५ असेल तर तो टायर पूर्ण हवेवर ५१५ किलो पेलतो. म्हणजे चार टायर मिळून २०६० किलो, तेही गाडीचं स्वतःचं वजन धरून. आपल्याकडे वडापच्या जीपमध्ये किती माणसं बसतात ते तुम्हीच आठवा. भाराचा आकडा माहितीपुस्तकात आहे त्यापेक्षा कमी घेऊ नका. आणि जास्त घेतला म्हणून गाडीत जास्त माणसं बसवायला परवानगी मिळत नाही.

आयएसआयचा शिक्का बघा. बनल्याची तारीख दुकानातच वाचा आणि खूप दिवस पडून असलेला टायर परत करा. पक्कं बिल घ्या, कारण त्याशिवाय वॉरंटी मिळत नाही.

तीन गोष्टी स्वस्त म्हणून गळ्यात मारल्या जातात. पहिली, जुना टायर. तो बाहेरून धुऊन काळा करतात, आतली तार तुटली असेल तर दिसत नाही. दुसरी, रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेला टायर. तो ट्रकच्या मागच्या चाकांना वापरतात, पण घरच्या गाडीसाठी सांगाडा किती जुना आहे हे आपल्याला कळणार कसं? तिसरी सगळ्यात वाईट. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्यानं पुन्हा खाचा कोरून देतात. त्यानं नक्षी दिसते, पण खालचं रबर आणखी पातळ होतं.

दोनच घ्यायचे असतील तर?

चार टायर एकदम परवडत नाहीत, हे आपल्या घरांचं वास्तव आहे. मग एकाच धुरीवरचे दोन एकसारखे घ्या आणि ते मागच्या चाकांना बसवा. गाडी कुठल्याही चाकांवर ओढत असली तरी मागेच. बरेच जण नवे टायर पुढे टाकतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सटकली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की ती पुन्हा हातात येते. मागची चाकं सटकली तर गाडी गर्रकन फिरते, आणि तिला सावरणं चांगल्या ड्रायव्हरलाही जमत नाही. पुढचे जुने टायरसुद्धा पुरेशा नक्षीचे हवेत, हे मात्र पक्कं.

हवेबद्दल दोन गैरसमज आहेत. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, हा पहिला. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो. पावसात हवा कमी केली की पकड वाढते, हा दुसरा. उलट तो टायर पाण्यावर लवकर तरंगतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किती हवा भरायची ते लिहिलेलं असतं. गाडी भरलेली असेल तर आकडा वेगळा, तोही तिथंच असतो. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी टायर गार असताना हवा बघा.

पैसे कुठून आणायचे?

टायर म्हणजे अचानक आलेलं संकट नाही. तो झिजणार हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. समजा चार टायरना १६,००० रुपये लागले आणि ते चार वर्षं चालले, तर महिन्याला साधारण ३३५ रुपये झाले. गाडीच्या नावानं तेवढे दरमहा वेगळे ठेवले, तर जूनमध्ये बियाणं, खत आणि शाळेची फी एकत्र येतात तेव्हा टायरसाठी कर्ज काढावं लागत नाही. आणि जुना टायर घ्यायची वेळही येत नाही.

कुणी गटाकडे टायरसाठी अंतर्गत कर्ज मागितलं, तर नाही म्हणू नका, पण चार गोष्टी विचारा: माप कोणतं, बनल्याची तारीख कोणती, किती टायर आणि बिल कुठे आहे. हे विचारणं म्हणजे त्या ताईवर अविश्वास नाही. दुकानदारासमोर उभं राहून हेच प्रश्न विचारायला तिला त्यामुळे बळ मिळतं. घरातही "तुला गाडीतलं काय कळतं" असं कुणी म्हणालं, तर काडी आणि पट्टी पुढे करा. आकडा बोलेल.

पहिल्या वळवाच्या सरीत तेल आणि धूळ मिसळून रस्ता सगळ्यात निसरडा होतो. म्हणून ही तपासणी त्याआधी व्हायला हवी. पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी स्टेपनी धरून पाचही टायरची नक्षी आणि तारीख वहीत लिहून आणा. दुचाकी असेल तर दोन टायरची. गटानं ती एकत्र वाचा आणि कुणाचे टायर आधी बदलायला हवेत ते ठरवा. तुमच्याकडे काय आढळलं ते आम्हाला नक्की कळवा.