श्रीगोंदे ते आल्प्स, व्हाया घोडनदी

श्रीगोंद्याच्या माणसाने आल्प्स पर्वतात सायकल चालविण्याच्या गोष्टी कराव्यात, म्हणजे वाळवंटातल्या माणसाने होडी बांधायला घ्यावी तशातला प्रकार, असे कुणी म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. आमच्या गावाला शेख महंमद बाबांसारखा संतकवी आहे, महादजी शिंद्यांच्या घराण्याचा इतिहास आहे, भीमेकाठी पेडगावचा किल्ला आहे, काष्टीचा जनावरांचा बाजार आहे. डोंगर मात्र नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवरचे हे पठार आणि त्यावर क्षितिजापर्यंत ऊस, ज्वारी आणि वेडी बाभूळ. घाट चढायचा म्हटले तर आधी घाट असलेल्या तालुक्यात जावे लागते.

तरीही गेले वर्षभर आमच्या घरात आल्प्सवाचून दुसरा विषय नाही. माझा पुतण्या नोकरीच्या निमित्ताने म्युनिकला असतो. जर्मनीतून निघायचे, ऑस्ट्रियातून डोंगर ओलांडायचे आणि इटलीत गार्डा सरोवराच्या काठी उतरायचे, अशी सायकलची एक वाट तिकडे फार लोकप्रिय आहे. साधारण चारशे किलोमीटर, सहा ते आठ दिवस. ही सफर त्याने आखली आणि आपल्या चुलत बहिणीला, म्हणजे आमच्या धाकटीला, पत्राऐवजी फोनवरून आमंत्रण धाडले. धाकटी बावीस वर्षांची. तिने होकार देऊन मग आम्हाला विचारले.

“चारशे किलोमीटर आठ दिवसांत म्हणजे रोजचे पन्नास. बाबा, पन्नास तर मी दौंडला जाऊन येऊन करते,” असा तिचा हिशेब. आमच्या सौ.चा हिशेब निराळा होता. “अहो, पोरगी परमुलखात, डोंगरात, सायकलवर, आणि तुम्ही नकाशा काय बघत बसलात?”

नकाशा बघण्याचे कारण होते. चारशे किलोमीटर हा आकडा खरा असला तरी त्या सफरीत तो सर्वांत निरुपयोगी आकडा आहे. खरा आकडा दुसराच: त्या वाटेवर आठवड्याभरात सगळा मिळून दहा हजार मीटरांच्या वर चढ चढावा लागतो. कळसूबाई, आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. म्हणजे समुद्रकिनाऱ्यापासून निघून कळसूबाईच्या माथ्यावर सहा वेळा जाण्याइतका हा चढ झाला, आणि तोही सामानासकट.

चढाची किंमत किलोमीटरांत मोजता येत नाही, ती तासांत मोजावी लागते. स्वित्झर्लंडच्या डोंगरवाटांवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांच्यावर पुढचे गाव किती किलोमीटर हे लिहीत नाहीत, चालत किती वेळ लागेल ते लिहितात. आपल्याकडची जुनी माणसेही वाट विचारली की “ऊन डोक्यावर यायच्या आत पोचाल” असेच सांगत. तीच पद्धत सायकलला लावावी. माझे कोष्टक असे: सपाटीवर सामानासह तासाला पंधरा किलोमीटर, दर शंभर मीटर चढाला वेगळा पाव तास, आणि पंक्चर, चहा, फोटो, वाट चुकणे या सर्वांसाठी दर सहा तासांमागे एक तास. तरुणांना हे कोष्टक म्हातारे वाटते. पण लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे नावाच्या ज्या सायकलसफरी जगभर होतात, त्यांत २०० किलोमीटरांसाठी साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांबण्यासह तासाला पंधराच पडतात.

आता हे कोष्टक इटलीतल्या स्टेल्व्हिओ घाटाला लावून पाहा. प्राटो गावाकडून हा घाट सुमारे पंचवीस किलोमीटरांचा, वळणे ४८ आणि माथा २७५७ मीटरांवर. चढ भरतो अठराशे मीटर. नुसते अंतर पाहिले तर पावणेदोन तासांचे काम. चढ धरला तर त्यात साडेचार तासांची भर. सकाळी आठला निघालेला माणूस जेवायला माथ्यावर असण्याऐवजी दुपारचे दोन वाजून गेले तरी वळणेच मोजत असतो. आणि आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमून विजांचे वादळ होणे ही नेहमीची गोष्ट. उघड्या खिंडीवर त्या वेळी असू नये, म्हणूनच तिकडे पहाटे निघतात. उंचावरच्या वाटांवरचा बर्फही जुलैपर्यंत रेंगाळतो आणि सप्टेंबर सरता सरता पुन्हा पडू लागतो. जाण्याचे दिवस काय ते मधले अडीच-तीन महिने. डोंगरातल्या निवाऱ्यांत जागा त्यामुळे आधीच राखून ठेवावी लागते.

हे सगळे धाकटीला सांगून पटले असते तर ती आमची मुलगी कसली! तेव्हा ठरले की आधी आपल्या सह्याद्रीत एक सफर आखायची. आखणी तिने करायची, निर्णय तिने घ्यायचे, मी केवळ सोबतीला. ती तिच्या आखणीप्रमाणे सुखरूप पार पडली तर सौ. पासपोर्टाला हरकत घेणार नाही, असा तह झाला.

वाट निवडली ती मात्र मी सुचविलेली: घोडनदीची. ही नदी सह्याद्रीच्या कड्याजवळ, आहुप्याच्या बाजूला, हजारेक मीटर उंचीवर उगम पावते आणि सुमारे दोनशे किलोमीटर वाहत येऊन आमच्या तालुक्याच्या सीमेवर भीमेला मिळते. आपण तिच्या उलट जायचे. बेलवंडी, शिरूर (जुन्या लोकांच्या तोंडी अजून घोडनदीच), मंचर, घोडेगाव, डिंभ्याचे धरण आणि शेवटी आहुपे. जिथे कड्यावरून खाली कोकण दिसते, तिथे वाट संपते. आमचे या नदीशी नुसते नावाचे नाते नाही. डिंभे हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. या प्रकल्पाचे पाणी कालव्याने श्रीगोंद्याच्या शिवारात येते. आवर्तन कधी सुटणार यावर आमच्याकडे जेवढी भांडणे होतात, तेवढी भावकीतही होत नाहीत. ते पाणी राहते कुठे, हे मुलीने एकदा पाहावे असेही मनात होते.

तयारीला तीन महिने लागले. डोंगर नसलेल्या गावात घाटाचा सराव कसा करायचा? याला उत्तर आहे, वारा. पावसाळ्यात आमच्याकडे पश्चिमेचा वारा दिवसदिवस घोंघावत असतो. त्या दिवसांत बेलवंडीच्या रस्त्याला पश्चिमेकडे तोंड करून तास-दीड तास न थांबता पायडल मारत राहिले की घाटाची सवय होते. वारा हा सपाटीवरचा घाटच; फरक इतकाच, की त्याला माथा नसतो.

सायकलीबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण दुकानदार भलत्याच गोष्टींची तारीफ करतात. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलला पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतात. पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला हे छान. घाटात हेच मांड्या फोडते. डोंगरी सायकलला पुढे २२ आणि मागे ३४ दाते जुळवता येतात. मग एका फेऱ्यात सायकल सुमारे दीड मीटरच सरकते, पण सरकते. चढाला लागते ते हे. टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीतसुद्धा चालत्या सायकलीवर गियर बदलण्याच्या यंत्राला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. दात्यांची मदत घेणे म्हणजे कमीपणा, असे संयोजकांना वाटे. तुम्हाआम्हाला तसे वाटण्याचे कारण नाही. आणि घाट उतरताना ब्रेक सारखा दाबून धरू नये, तो तापतो. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट लावावेत, वळणात सोडावेत.

आता धाकटीची आखणी. तिने एक दोनशे पानी वही केली. डावीकडे गाव, मग अंतर, मग चढ, मग पोचण्याची वेळ, मग “पाणी कुठे” आणि शेवटचा रकाना, “इथून परत कसे”. चढाचा आकडा तिने फोनमधल्या नकाशावरून घेतला आणि सर्वेक्षण खात्याच्या नकाशातल्या समोच्चरेषा मोजून ताडून पाहिला. श्रीगोंदे आणि उगम यांच्या उंचीत फरक साडेपाचशे मीटरांचा. पण मधले ओढे, नाले आणि टेकाडे उतरून पुन्हा चढावी लागतात, त्यामुळे बेरीज हजाराच्या वर गेली. हे पाहून तिचा चेहरा प्रथमच गंभीर झाला.

एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता जिथे असू तिथून परत फिरायचे. आहुपे समोर दिसत असले तरी. कारण दोन. दिवाळीच्या सुमारास सहाच्या आतबाहेर सूर्य मावळतो. आणि आंबेगाव, जुन्नर, शिरूर हा सारा भाग बिबट्यांचा. उसात ते राहतात, वाढतात आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. माणसांवर हल्ले झाले आहेत, माणसे दगावली आहेत. तिथे अंधारात सायकलवर असणे हे धाडस नव्हे. शिवाय गाळप हंगाम सुरू झाला की मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, हेही आलेच.

मागच्या दिवाळीत, भाऊबीज उरकून, पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. पहिल्या दिवसाचा हिशेब होता शंभर-सव्वाशे किलोमीटरांना अकरा तास. घोडेगावात पोचलो तेव्हा अजून ऊन होते. वाटेत दर तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी, त्यात लिंबू, मीठ, साखर. दर दीड तासाला गूळ-शेंगदाणे किंवा खजूर. भूक लागण्याआधी खायचे आणि तहान लागण्याआधी प्यायचे, हा फ्रान्समधल्या पॉल द व्हिव्ही नावाच्या सायकलवेड्या गृहस्थाचा शंभर वर्षांपूर्वीचा उपदेश. त्यात अजून कुणाला सुधारणा सुचलेली नाही.

दुसऱ्या दिवशी घात केला तो बाभळीच्या काट्यांनी. आदल्या दिवशी टायरात शिरलेले काटे रात्रभर दबा धरून बसले होते. डिंभ्यापर्यंत दोन पंक्चर, धरणाच्या वर तिसरे. जलाशयाच्या कडेने रस्ता जातो. या पाण्याखाली मूळचे आंबेगाव बुडालेले आहे. तालुक्याला नाव त्याचे, कचेऱ्या घोडेगावात. याच खोऱ्यात ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचून माळीण गाव गाडले गेले, दीडशेवर माणसे गेली. अतिवृष्टीच्या दिवसांत या वाटेला न येण्याचे कारण सांगायला दुसरा दाखला लागत नाही. धाकटी तिथे बराच वेळ काही बोलली नाही.

बारा वाजले तेव्हा आम्ही जलाशय मागे टाकून चढाला लागलो होतो. समोर कड्याची रांग स्वच्छ दिसत होती. माझ्या अंदाजाने दोन तासांचे काम उरले होते. मी घड्याळाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि गप्प राहिलो. निर्णय तिचा होता. तिने सायकल उभी केली, बाटलीतले पाणी प्यायली, वहीत काही लिहिले आणि सायकल वळवली. “चला बाबा.” एवढेच. उतरताना तिचे डोळे पाणावले होते. ते वाऱ्याने, असे तिचे म्हणणे. साडेचारला घोडेगाव, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी.

मी सौ.ला सगळे सांगितले तेव्हा ती पोळ्या लाटत होती. “उगम बघितलाच नाही म्हणता?” तिने विचारले. नाही, म्हटले. “पण बाराला फिरली?” फिरली. लाटणे जरा थांबले. “मग जाऊ दे तिला,” ती म्हणाली. तिच्या मते उगमाला पोचणारी पोर आल्प्समध्ये कुठवर जाईल याचा नेम नव्हता. ही मात्र परत येईल.

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. टायरांच्या आत जाड पट्टी, दोन जादा ट्यूब, आणि घोडेगावहून उजाडता उजाडता प्रस्थान. अकराच्या आधी आहुप्याच्या कड्यावर होतो. खाली कोकण, निळ्या धुक्यात. उगमाचा ओहोळ म्हणून गावकऱ्यांनी दाखविला तो कोरडा होता; पावसाळ्यात या, म्हणाले. माळीण आठवून आम्ही दोघेही हसून गप्प बसलो.

आता पुढच्या जुलैची वही तयार होते आहे. तिच्यात प्रत्येक खिंडीला फिरण्याची वेळ घातलेली आहे. मदतीचा क्रमांक ११२, आपल्याकडे तोच आणि युरोपातही तोच, ही एक सोय झाली. डोंगरात फोन लागला नाही तर मिनिटाला सहा वेळा शिटी किंवा दिव्याची खूण, मग एक मिनिट विराम, पुन्हा सहा, ही आल्प्समधली संकटाची खूण तिने पाठ केली आहे आणि अंगणात शिटी फुंकून शेजाऱ्यांना वात आणला आहे. वहीतला शेवटचा रकाना सौ.ने स्वतः आखला: “घरी फोन, रोज संध्याकाळी सात.” धाकटीने दाखवून दिले की आपले सात म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन; तेव्हा ती कदाचित उतरणीवर असेल. पुष्कळ वाटाघाटी झाल्या. अखेर त्यांचे सात, म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, असे ठरले आहे. सौ. एरवी साडेनऊला झोपते.