चिरेपर्यंत मुळा तिखट नसतो

थंडीत राहुरीच्या बाजारात मुळ्याची जुडी स्वस्तात मिळते. मुळा धरणाच्या पाटाखालच्या रानात दीड-दोन महिन्यांत निघणारं हे पीक. जुडीतले एक-दोन मुळे भाकरीबरोबर तोंडी लावायला संपतात, बाकीचे मऊ पडेपर्यंत कोणी त्यांच्याकडे बघत नाही. पण त्या उरलेल्या मुळ्यात एक न घडलेली रासायनिक क्रिया थांबून बसलेली असते. ती कधी घडू द्यायची, हे मात्र आपल्या हातात असतं.

अख्ख्या मुळ्यात तिखटपणा तयार नसतोच. त्याच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाचं गंधकयुक्त द्रव्य साठवलेलं असतं आणि ते मोडणारं मायरोसिनेज हे विकर वेगळ्या पेशींत असतं. सुरी किंवा किसणी पेशी फोडते, तेव्हा दोघांची गाठ पडते आणि नाकात जाणारं आयसोथायोसायनेट जन्माला येतं. ही खरं तर किडीविरुद्धची तयारी आहे : जो चावेल त्याच्याच तोंडात विष तयार व्हावं. कोबी-फ्लॉवर लावणाऱ्यांना छळणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी मात्र यातून सुटते. तिच्या आतड्यातलं एक विकर ग्लुकोसिनोलेटमधला सल्फेटचा भाग आधीच काढून टाकतं. मग मायरोसिनेजला मोडायला काही उरत नाही. जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी २००२ मध्ये ही युक्ती उलगडून दाखवली.

हीच क्रिया आपल्या घरात मोहरीच्या निमित्ताने रोज घडते किंवा टळते. मोहरी मुळ्याचीच भाऊबंद. लोणच्यासाठी ती पाणी घालून फेसली की डोळ्यांत पाणी आणते, पण फोडणीत तडतडली की नुसती खमंग लागते, कारण कढत तेलात विकर निकामी होतं.

मुळा संपवायच्या सगळ्या रीती याच दोन वाटांनी जातात. कोशिंबीर झणझणीत हवी असेल, तर पानं मांडल्यावर मुळा किसा. सौम्य हवी असेल, तर तासभर आधी किसून मीठ लावा. तिखट द्रव्य उडून आणि मोडून जातं. मग पिळून दही, दाण्याचं कूट आणि हिंगाची फोडणी घाला. पिळून निघालेल्या पाण्यात बाजरीचं आणि बेसनाचं पीठ भिजवून थालीपीठ लावा. सालीजवळ आणि शेपटाकडे तिखटपणा जास्त असतो, पाल्याकडचा भाग गोडसर. म्हणून शेंडा कोशिंबिरीला आणि शेपूट ठेच्याला, अशी वाटणी करता येते.

उष्णतेची वाट याच्या उलट. जाड चकत्या चिरल्या चिरल्या फोडणीत टाकून झाकण ठेवलं, की तिखटपणाला वेळच मिळत नाही. भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजलेला असा मुळा चक्क गोड लागतो. ठेचा करतानाही क्रम बदलून बघा. मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कच्चा मुळा एकत्र ठेचला तर एक चव, मुळा तव्यावर भाजून मग ठेचला तर दुसरीच.

पाला पहिल्याच दिवशी कापून वेगळा करावा. तोडलेल्या जुडीतही पानं पाणी उडवत राहतात आणि ते कंदातून ओढून घेतात. मुळा लवकर लवचिक होतो तो त्यामुळे. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व कंदापेक्षा पाल्यातच कितीतरी जास्त. बारीक चिरून, लसणाच्या फोडणीत परतून, वरून बेसन पेरलं की भाजी तयार.

जपानी लोक मुळा वाळवून, मीठ आणि तांदळाच्या कोंड्यात महिनोन् महिने मुरवतात. त्या ताकुआन लोणच्यात हळदीचा कणही न घालता पांढरा मुळा पिवळा होतो. मुरताना तिखट द्रव्य मोडतं आणि त्यातून निघालेल्या पदार्थाची ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाशी जोडी जमून रंग तयार होतो. पंजाबात गाजर-फ्लॉवरबरोबर लोणच्यात पडणारं शलगम याच कुळातलं. ते कुठे हाती लागलं, तर किसण्याचे आणि परतण्याचे हेच नियम त्यालाही लावा.

आणि जुडीतला शेवटचा मुळा? राहुरीत १९६८ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे बीजोत्पादनाची गोष्ट इथे परकी नाही. मुळ्याचं बी धरताना चांगले कंद उपटून निवडतात, पाला आखूड करतात, खालचा भाग कापून टाकतात आणि वरचा तुकडा पुन्हा जमिनीत लावतात. कंदात साठवलेलं अन्न मग दांड्याला आणि फुलांना मिळतं. घरच्या कुंडीतही हे जमतं, फक्त शेंड्याचा कोंब शाबूत हवा. फुलांमागून कोवळ्या शेंगा येतात, म्हणजे डिंगऱ्या. चावल्यावर त्यांच्यातही तेच तिखट तयार होतं. कांदा-मिरचीवर परतल्या की ते निवतं. कापलेला खालचा तुकडा तेवढ्यात आमटीत टाकून घ्यावा.