सहा मिनिटांची चाल आणि मोजमापाची शिस्त

फुफ्फुसाच्या जुनाट विकाराने ग्रासलेल्या माणसाला उपचाराचा गुण आला की नाही, हे ठरवायचे कसे? यंत्रात जोराने फुंकून मिळणारे आकडे श्वासमार्ग किती अरुंद झाला आहे हे सांगतात. पण तो माणूस बाजारापर्यंत जाऊन परत येऊ शकेल की नाही, याचे उत्तर त्यांतून पुरतेपणी मिळत नाही. म्हणून वैद्यकाने एक साधी कसोटी स्वीकारली. रोग्याला सपाट जागेवर ठरावीक वेळ चालायला सांगायचे आणि त्याने कापलेले अंतर मोजायचे. मात्र कसोटी साधी आहे एवढ्यावरून ती भरवशाची ठरत नाही.

या कसोटीचे मूळ रुग्णालयात नाही. १९६८ साली केनेथ कूपर यांनी अमेरिकी हवाई दलातील जवानांची क्षमता जोखण्यासाठी बारा मिनिटांच्या धावण्याची चाचणी मांडली. १९७६ मध्ये मॅकगॅव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये तीच कल्पना श्वासनलिकेच्या जुनाट दाहाच्या रोग्यांना लावली. धावण्याच्या जागी चालणे आले. बारा मिनिटे अशा रोग्यांना जड जात. १९८२ मध्ये बटलंड प्रभृतींनी दोन, सहा आणि बारा मिनिटांच्या चाचण्यांची तुलना केली. त्यानंतर सहा मिनिटांची चाल हा मधला मार्ग म्हणून जगभर रूढ झाला.

या चाचणीचा भरवसा किती? २०११ साली नेदरलँड्समध्ये सीओपीडीच्या १,५१४ रोग्यांची चाचणी लागोपाठच्या दोन दिवशी घेण्यात आली. दोन्ही दिवसांच्या आकड्यांतील जुळणीचा गुणक ०.९३ निघाला, म्हणजे जवळजवळ पूर्ण. परंतु त्याच अभ्यासात १०० पैकी ८२ रोगी दुसऱ्या वेळी अधिक चालले आणि सरासरी वाढ २७ मीटर होती. एका रात्रीत कोणाचे फुफ्फुस सुधारत नसते. पहिल्या वेळी रोगी धास्तावलेला असतो, दम किती पुरेल याचा त्याला अंदाज नसतो. दुसऱ्या वेळी तो चाल बेताने राखतो. ही प्रगती सरावाची असते, प्रकृतीची नव्हे.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण तसे ते नाहीत. एखाद्या वर्गातील बहुतेक मुलांना दुसऱ्या परीक्षेत पाच-पाच गुण अधिक मिळाले, तर त्यांचे क्रम फारसे बदलत नाहीत. मात्र वर्ग हुशार झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. रोग्यारोग्यांतील फरक ओळखण्यास चाचणी उत्तम आहे. एकाच रोग्यातील बदल ओळखताना मात्र पहिल्याच चालीचा आकडा आधाराला धरला, तर फसगत होते. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो, त्याचे पायाभूत वर्ष चुकीचे निवडले तर पुढचे सारे हिशेब बिनचूक करूनही निष्पत्ती चुकते, तसेच हे आहे.

२०१४ साली युरोप व अमेरिकेतील श्वसनरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी संयुक्त मानके प्रसिद्ध केली. त्यांनुसार रोग्याला जाणवेल असा किमान बदल सुमारे ३० मीटरचा. आणि निव्वळ सरावाने होणारी वाढ सरासरी २६ मीटरची. म्हणजे औषधाचे श्रेय आणि सरावाचे श्रेय जवळपास एकाच मापाचे आहे. २००४ पासून वापरात असलेल्या ‘बोड’ या निर्देशांकात, जो रोग्याच्या आयुर्मानाचा अंदाज बांधतो, ३५० मीटर ही एक सीमारेषा आहे. पहिल्या दिवशी ३३५ आणि दुसऱ्या दिवशी ३६१ मीटर चालणारा रोगी फुफ्फुसात काडीचाही फरक न पडता ही सीमा ओलांडतो.

सरावाखेरीज इतरही गोष्टी आकडा हलवतात. १९८४ मध्ये गायट यांनी कॅनडात दाखवून दिले की, नुसत्या उत्तेजनाच्या शब्दांनी अंतर सुमारे ३० मीटरने वाढते. मार्ग जितका आखूड तितकी वळणे अधिक, आणि प्रत्येक वळणावर वेग मोडतो. ३० मीटरऐवजी १० मीटरच्या मार्गावर चालवल्यास सरासरी जवळजवळ ५० मीटरची घट येते, असे २०१३ च्या एका अभ्यासात आढळले. म्हणूनच मानकांनी ३० मीटर किंवा त्याहून लांब मार्ग, ठरावीक अंतराने ठरावीक शब्द, बदल मोजायचा असल्यास किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीने दोन चाचण्या आणि त्यांतील अधिक अंतराची नोंद, असे नियम घालून दिले.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे साडेपाच कोटींहून अधिक रोगी असल्याचा अंदाज होता. त्यांत विडी-सिगारेट ओढणारे आहेत, तशाच चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रियाही आहेत. महागड्या यंत्रांविना होणारी ही कसोटी गरीब देशाला सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत एका रोग्याला दोनदा चालवायला वेळ कोठून आणायचा, असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही.

तथापि विश्रांतीच्या अर्ध्या तासात पहिल्या रोग्याला बाकावर बसवून दुसऱ्याला चालवता येते. लांब व्हरांडा नसेल, तर मार्गाची लांबी केसपेपरवर लिहून पुढच्या वेळी तोच मार्ग वापरता येतो. याला पैसा लागत नाही, शिस्त लागते. ती नसेल तर निरुपयोगी औषध चालू राहील, किंवा खालावणारी प्रकृती सरावाच्या मीटरांमागे दडून राहील. स्वस्तात मिळालेल्या चुकीच्या आकड्याची किंमत अखेर रोग्यालाच मोजावी लागते, आणि ती तो आपल्या श्वासातून मोजतो.