ब्रेकचा इशारा

मोटारीच्या चाकाबरोबर लोखंडाची एक चकती फिरते. तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात आणि गाडी थांबते. त्यामुळे पॅड हळूहळू झिजतात.

पुष्कळ गाड्यांत पॅडला पत्र्याची एक लहान पट्टी असते. पॅड फार झिजले, की ती डिस्कला घासते आणि ‘कुईंऽऽ’ असा आवाज येतो. ही पट्टी मुद्दाम बसवलेली असते. तेव्हाच पॅड बदलावेत. दुर्लक्ष केले, तर ‘खर्र खर्र’ आवाज येऊ लागतो. मग लोखंडावर लोखंड घासते, डिस्क खराब होते आणि गाडी वेळेवर थांबत नाही.

पावसाळ्यात सकाळी एक-दोनदा आवाज येऊन थांबला, तर तो डिस्कवरचा गंज असतो. त्याची भीती नाही.

ब्रेकचा लाल दिवा लागला, तर प्रथम हँडब्रेक पाहावा. तो सोडूनही दिवा विझला नाही, तर ब्रेकचे तेल कमी झाले असेल. पॅड झिजले किंवा तेल गळले, की त्याची पातळी उतरते. म्हणून नुसते तेल भरून दिवा विझवू नये. गाडी थांबवावी आणि मिस्त्रीला बोलवावे. दिवा विझला, तरी दोष तसाच राहतो.