नवें यंत्र आणि मंद पाहुणा

भारी किंमत देऊन घेतलेली वस्तु जुन्या वस्तूहून मंद चालावी, याचें कोणासही नवल वाटेल. परंतु हा अनुभव आज अनेक घरांत येतो. आईबापांनीं पोटाला चिमटा घेऊन मुलासाठीं सूक्ष्म पडद्याचा नवा लॅपटॉप घ्यावा, मुलानें अभ्यासाकरितां विंडोजच्या पोटांत लिनक्स सुरू करावें, आणि पाहावें तों पडद्यावरील बाण हातामागून रखडत यावा! मग यंत्रच खोटें निघालें, असा निकाल होतो. हा निकाल देण्यापूर्वीं दोषाचा शोध कसा करावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एका संगणकाच्या आंत आज्ञावलीच्या बळावर दुसरा संगणक उभा करितात, त्यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ही कल्पना नवी नव्हे. आय्. बी. एम्. कंपनीनें १९७२ सालीं ती आपल्या मोठ्या संगणकांकरितां विक्रीस आणिली. २००७ सालीं निघालेलें व्हर्च्युअलबॉक्स विनामूल्य मिळत असल्यानें तें विद्यार्थ्यांत विशेष रूढ झालें. खरा संगणक हा यजमान व आंतला हा पाहुणा. पाहुण्यास स्वतःचें कांहींच नसतें. यजमान ताटांत वाढील तेवढेंच त्याचें.

आतां पडद्याचा विचार करूं. पडद्यावरील चित्र बारीक बिंदूंचें बनलेलें असतें. सामान्य पडद्यावर १९२० गुणिलें १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदु असतात. सूक्ष्म पडद्यावर ३८४० गुणिलें २१६०, म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. एका बिंदूच्या रंगास ४ बाइट लागतात. चित्र सेकंदास ६० वेळां नव्यानें काढावें लागतें असें धरिलें, तर दर सेकंदास सुमारें १९९ कोटि बाइटांची उलाढाल होते. मुलांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. यजमानापाशीं या कामास ग्राफिक्सची निराळी यंत्रणा असते. पाहुण्यास तिचें साह्य न मिळाल्यास सारें रंगकाम मुख्य प्रोसेसरच्या माथीं येतें, आणि इतर कामें खोळंबतात.

म्हणून पहिली परीक्षा अशी. पाहुण्याचा पडदा १९२० गुणिलें १०८० वर आणावा व दुसरें कांहींही बदलूं नये. चाल सुधारली, तर दोष बिंदूंच्या भाराचा समजावा. मग पाहुण्यांत गेस्ट ॲडिशन्स बसवावें, व्हिडिओ मेमरी १२८ मेगाबाइट करावी आणि थ्रीडी साह्य चालू करून पाहावें. सूक्ष्म पडद्याच्या एका चित्रासच सुमारें ३२ मेगाबाइट लागतात. तेथें १६ मेगाबाइटांनीं कसें भागावें? कमी बिंदूंचें चित्र लहान दिसत असेल, तर तें २०० टक्के मोठें करून दाखविण्याची सोयही व्हर्च्युअलबॉक्समध्यें आहे.

चाल न सुधारल्यास दुसरी परीक्षा. खिडकीच्या तळच्या पट्टींत हिरवें कासव दिसतें काय, तें पाहावें. तें असल्यास विंडोजच्या हायपर-व्ही या व्यवस्थेनें प्रोसेसरचें विशेष साह्य आपल्या ताब्यांत घेतलें आहे, व व्हर्च्युअलबॉक्सला तिच्या मार्फत काम करावें लागत आहे, असें समजावें. हें कासव शर्यत जिंकणारें नव्हे. नव्या यंत्रांत मेमरी इंटिग्रिटी नांवाचें संरक्षण पुष्कळदां आरंभापासूनच चालू असतें व त्यामुळेंही असें घडतें. तें बंद केल्यास गति वाढूं शकते, पण दुष्ट आज्ञावलींपासूनचें एक कवच जातें. तेव्हां घरांतील जाणत्याच्या विचारानेंच हें करावें.

तिसरी गोष्ट वांटपाची. ८ गिगाबाइट मेमरीच्या यंत्रांत पाहुण्यास ६ दिल्यास यजमानच उपाशी राहतो व दोघेही रखडतात. निम्म्याहून अधिक देऊं नये. प्रोसेसरच्या खऱ्या कोअर असतील त्यांहूनही अधिक पाहुण्यास देऊं नयेत. तसेंच एकदां विजेची तार जोडून पाहावें; बॅटरीवर असतां पुष्कळ लॅपटॉप शक्ति राखण्यासाठीं मुद्दाम हळू चालतात.

या सर्वांत एक नियम मुख्य आहे: एका वेळीं एकच बदल करावा, आणि त्याचा परिणाम वहींत टिपून ठेवावा. दहा औषधें एकदम देणाऱ्या वैद्यास गुण कशानें आला तें कधींच कळत नाहीं. एवढें करूनही, पाहुणा बंद असतां, यजमान स्वतःच अडखळत असेल, तर यंत्रांतच दोष असण्याचा संभव मोठा. अशा वेळीं पालकांनीं ती वही घेऊन खुशाल दुकानीं जावें. केवळ तक्रार घेऊन जाणाऱ्यापेक्षां पुरावा घेऊन जाणाऱ्याचें म्हणणें अधिक ऐकिलें जातें, आणि मुलासही कष्टाच्या पैशानें आलेल्या वस्तूची खरी ओळख होते.