पॅसेंजर बाजूला घेतात तेव्हा

पुण्याहून लोणावळ्याला निघालेली लोकल तळेगावला नेहमीपेक्षा जास्त थांबली, की डब्यात कुरकुर सुरू होते. "मागून एक्स्प्रेस येतेय वाटतं," असं कुणीतरी म्हणतं आणि दारातली माणसं घड्याळं बघायला लागतात. त्याच डब्यात एखादाच प्राणी असा असतो, की ज्याला या थांबण्याचा मनापासून आनंद होतो. तो उतरतो, फलाटाच्या टोकाकडे चालू लागतो आणि पिशवीतून कॅमेरा काढतो. मागून येणारी गाडी कोणती, तिला कोणतं इंजिन असणार, हे त्याला घरूनच ठाऊक असतं.

रेल्वेचे फोटो काढण्याचा छंद म्हटलं, की लोकांना डेक्कन क्वीन आठवते, वंदे भारत आठवते. छंद मुरलेला माणूस मात्र त्या गाड्यांतून क्वचितच जातो. वातानुकूलित डब्याची काच उघडत नाही, आणि जी गाडी सगळ्यांना मागे टाकते तिच्यातून दिसतं तरी काय? लोकल आणि पॅसेंजर यांचं उलट असतं. त्या प्रत्येक स्टेशनात थांबतात, खिडकी उघडी असते, तिकीट स्वस्त असतं आणि वरच्या दर्जाची प्रत्येक गाडी त्यांना ओलांडून पुढे जाते. ज्या गाडीला सगळे मागे टाकतात, तिच्यातून सगळे दिसतात. पुण्यातल्या रेल्वेवेड्यांची निम्मी विद्या एवढ्यात आली.

पुणे-लोणावळा मार्ग या विद्येसाठी जणू आखूनच दिला आहे. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची रेल्वे १८५८ साली सुरू झाली. मधला बोरघाट तेव्हा तयार नव्हता, म्हणून मुंबईहून आलेले प्रवासी पायथ्याशी उतरून घाट पालखीने किंवा बैलगाडीने चढत. घाटातला रूळमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. विजेची गाडी १९२९-३० च्या सुमारास पुण्यापर्यंत आली आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावली. पुणे-मुंबई या दोन शहरांमध्ये आज दिवसभर एवढी वर्दळ असते, पण लोणावळ्यापर्यंत रूळमार्ग दोनच, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. लोकल, मेल, मालगाडी सगळ्यांनी त्यातच भागवायचं. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली ती याच गर्दीत. तिला बाजूला घेतलं जातं यात नवल काही नाही. तिसरी आणि चौथी लाइन होईल तेव्हा प्रवाशांचे हाल कमी होतील, आणि फोटोवाल्यांचे सुरू होतील!

या वाटेवर कॅमेरा घेऊन जायचं तर पहिला हिशेब उन्हाचा. पुण्याहून लोणावळ्याकडे गाडी साधारण वायव्येला जाते. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे पुण्याहून सुटलेल्या गाडीच्या पाठीशी. तिचं तोंड सावलीत राहतं. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुणे सोडते आणि रात्री आठनंतर परत येते. सर्वात लाडक्या गाडीचं तोंड सर्वात अवघड उजेडात, हे पुणेकर रेल्वेप्रेमींच्या नशिबी आलेलं खास दुखणं. कुशीवर ऊन पडलेली डेक्कन क्वीन मिळते, समोरून उजळलेली मिळत नाही. ज्याला समोरून उजळलेलं इंजिन हवं, त्याने सकाळी मुंबईहून येणारी इंद्रायणी धरावी, किंवा मुंबईची सातची डेक्कन एक्स्प्रेस अकराच्या सुमारास पुण्यात शिरताना गाठावी. दुपारी तीच डेक्कन एक्स्प्रेस परत निघते तेव्हा सूर्य पश्चिमेला कललेला असतो आणि इंजिनाच्या कपाळावरचा नंबरसुद्धा वाचता येतो. लोणावळ्याची लोकल कोणत्या वेळची घ्यायची, हे या हिशेबावर ठरतं. त्यात लोकलचा दुपारचा खंड आडवा येतो आणि कामशेतच्या फलाटावर तास-तास बसावं लागतं, ती गोष्ट वेगळी.

दुसरा हिशेब जागेचा. आपल्याकडे गाडी डाव्या रुळावरून चालते, त्यामुळे लोकलमध्ये समोरून येणारी गाडी उजव्या खिडकीत दिसते. दोन्ही गाड्या पळत असतील तर तिचा नाद सोडावा. हाताला फक्त रंगांचे पट्टे लागतात. आपली थांबलेली आणि तिची धावती, हा योग साधायचा. डावीकडे मळवलीजवळ लोहगड-विसापूर येतात, पायथ्याशी भाजे, तर कार्ल्याची लेणी उजव्या अंगाला. पावसाळ्यात विसापूरच्या कड्यावर ढग उतरलेला असताना मळवलीच्या फलाटावरून जाणारी गाडी मिळाली, तर माणूस आठवडाभर दुसरं बोलत नाही.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची, आणि इथे नवशिक्याची फजिती ठरलेली. ताशी शंभरच्या वेगाने येणारी गाडी गोठवायची, तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं जलद लागतं. मग फोटो घरी उघडला, की लोकलच्या कपाळावरची पाटी गायब! 'लोणावळा'ऐवजी अर्धा 'लो' किंवा नुसता काळा चौकोन. कारण ती पाटी एलईडीची. ती अखंड पेटल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात सेकंदाला अनेक वेळा लुकलुकत असते, आणि जलद शटर नेमकं तिच्या विझलेल्या क्षणी उघडतं. पाटी हवी तर शटर संथ करावं लागतं, आणि मग गाडी थांबलेली हवी. म्हणजे पुन्हा लोकलच.

लोणावळ्याला उतरलं, की ही मंडळी मुंबईच्या बाजूचं टोक गाठतात. कर्जत ते लोणावळा घाटात चढ सदतिसास एक आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की रूळ एक मीटर वर चढतो. आगगाडीच्या दृष्टीने हा चढ भयंकर. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर लावतात, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं. लोणावळ्याला ती सुटतात आणि एकमेकांना जोडलेली रिकामी घाट उतरतात. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना उतारावर ब्रेक तपासण्यासाठी घाटात सक्तीने थांबावं लागतं. ठाकूरवाडी, मंकी हिल ही नावं साध्या प्रवाशाच्या तोंडी नसतात. रेल्वेवेड्यांच्या बोलण्यात ती पेठांच्या नावांसारखी येतात. खंडाळ्यापाशी पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने घाट चढायची किंवा उतरायची. विजेच्या गाड्या आल्या तेव्हा १९२९ मध्ये नवा मार्ग काढून ते बंद केलं.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर लोणावळ्यापेक्षा मिरज मार्ग सरस. घोरपडी सोडली, की सासवड रोड लागतं (या स्टेशनचा सासवडशी संबंध नावापुरताच आहे), पुढे फुरसुंगी, आळंदी, आणि मग शिंदवणे घाट. इथला रूळ वळणं घेत चढतो, आणि पॅसेंजरच्या शेवटच्या डब्यात बसलेल्या माणसाला आपलंच इंजिन खिडकीतून समोर दिसतं. वर आंबळे, मग राजेवाडी, जेजुरी. हा मार्ग १९७१ पर्यंत मीटर गेज होता आणि ब्रॉड गेज झाल्यावरही कितीतरी वर्षं एकेरी आणि डिझेलचा राहिला. एकेरी मार्ग म्हणजे क्रॉसिंग आलंच. समोरून गाडी येईपर्यंत पॅसेंजर वाल्ह्याला, नाहीतर नीरेला उभी. इंजिनाची घरघर चालू, गार्ड खाली उतरलेला, खिडकीशी भेळवाला. फोटोवाल्याला याहून काय हवं? घाट चढताना जुन्या डिझेल इंजिनाचा काळा धूर आणि तो ठोक्यांचा आवाज ज्यांनी ऐकला, त्यांना आजचं विजेचं इंजिन मुकं वाटतं. आता या मार्गावर तारा आल्या, दुपदरीकरण झालं. प्रवास सुधारला हे खरंच, पण घाटातल्या प्रत्येक फोटोत आता एक तरी खांब असतो.

या छंदाला आपल्याकडे मान कमी. डब्यातल्या काकू विचारतात, "कुठल्या पेपरात येणार रे फोटो?" आणि पेपरात येणार नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडतो. फलाटावर एखादा जवान हटकतो. काहींची शंका रास्तही असते, कारण चांगल्या कोनासाठी रुळात उतरणारे आणि दारातून लोंबकळणारे महाभाग आहेतच. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यात रुळांवर घुसखोरीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. पादचारी पुलावरून सेल्फीची काठी खाली धरणाऱ्याला कायद्याची गरजच पडत नाही. जुने लोक अशांबरोबर जात नाहीत. मला ते योग्य वाटतं.

मान मिळायला हवा त्याचं कारण वेगळं आहे. चित्तरंजनच्या कारखान्याने बांधलेलं पहिलं विजेचं इंजिन पुणे-लोणावळ्यासारख्या आपल्या मार्गांसाठी होतं, १५०० व्होल्ट डीसीवर चालणारं. पंडित नेहरूंनी १४ ऑक्टोबर १९६१ रोजी त्याला हिरवा झेंडा दाखवला. त्याचं नाव 'लोकमान्य'. त्या जातीची इंजिनं पुढे डेक्कन क्वीनलाही लागली. मग डीसी वीज जाऊन एसी आली आणि ती सगळी पिढी मोडीत निघाली. डेक्कन क्वीनचे जुने डबे २०२२ च्या जूनमध्ये गेले, पुणे-कर्जत शटल बंद झाली, पॅसेंजरच्या जागी डेमू-मेमू आल्या. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून मुलांना सिग्नल आणि रूळबदल दाखवतं, पण पुण्याच्या खऱ्या गाड्या कशा दिसत, याची नोंद मुख्यतः या हौशी माणसांच्या कपाटात आणि हार्ड डिस्कवर आहे.

त्यातल्या बऱ्याच फोटोंवर तारीख नाही. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांच्या घरी तर अल्बमचे अल्बम पडून आहेत: शेडमधलं इंजिन, फलाटावर उभी गँग, खांद्यावर डबा घेतलेला ड्रायव्हर. तुमच्या घरात असा एखादा फोटो असेल, तर तो काढणारा माणूस हयात आहे तोवर मागच्या बाजूला पेन्सिलीने तीन गोष्टी लिहून घ्या: स्टेशन, साल आणि इंजिनाचा नंबर.