माळरानावरील कोळ्यांची मोजदाद

व्याख्या
ठरावीक क्षेत्रात, ठरावीक वेळात व पद्धतीने कोळ्यांच्या जाती आणि प्रत्येक जातीची संख्या नोंदवणे म्हणजे कोळीविविधतेचे सर्वेक्षण. नुसती यादी पुरत नाही. ती किती श्रमांतून मिळाली हे ठाऊक नसेल, तर दोन माळांची तुलना होत नाही.

अधिवासाचे थर
पुणे-सोलापूर पट्ट्यातील कुसळी, पवन्या, मारवेल यांचा माळ दुरून एकसुरी भासतो. कोळ्यांसाठी मात्र त्याचे मजले असतात. लांडगा-कोळी जमिनीवर धावून भक्ष्य पकडतात, हिप्पासा गवताच्या बुडाशी नरसाळ्यासारखे जाळे विणतो, लिंक्स-कोळी पात्यांवर दबा धरतात आणि अर्गिओपे दोन झुडपांमध्ये चक्राकार जाळे ताणतो.

पद्धती
प्रत्येक मजल्यासाठी पद्धत वेगळी. जमिनीवरील कोळ्यांसाठी पेला पुरून खड्डा-सापळा करतात. त्याचा काठ मातीशी अगदी समतल हवा. किंचित वर राहिला तरी कोळी वळसा घालून जातो. आतल्या द्रावणात साबणाचा थेंब टाकल्याने पृष्ठताण कमी होतो आणि कोळी तरंगत न राहता बुडतो. पात्यांवरील कोळ्यांसाठी गवतातून जाळी फिरवतात. गवत दवाने ओले असताना ती कुचकामी. मात्र त्याच दवाने हिप्पासाची जाळी उठून दिसतात, म्हणून पहाट त्यांच्या मोजणीची. रात्री कपाळावर विजेरी बांधतात. लांडगा-कोळ्याचे डोळे प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात, त्यामुळे दिवा निरीक्षकाच्या डोळ्यांजवळच हवा. गवतात हिरवट ठिपका चमकतो. जवळ गेल्यावर कधी पाठीवर पिल्ले घेतलेली मादी दिसते.

ओळख
रंगावरून जात ठरवणे धोक्याचे. नराचे स्पर्शपाद आणि मादीची जननांगे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. ती अपरिपक्व कोळ्यांत पूर्ण विकसित नसल्याने त्यांची ओळख बहुधा कुळ किंवा प्रजातीपाशी थांबते.

मर्यादा
खड्डा-सापळा संख्येपेक्षा हालचाल मोजतो. मादीच्या शोधात भटकणारे नर त्यात अधिक सापडतात, जाळ्यात बसून राहणारे कोळी क्वचितच. शिवाय काही जाती नजरेतून सुटतातच. एकदाच किंवा दोनदाच आढळलेल्या जातींच्या संख्येवरून सुटलेल्या जातींचा किमान अंदाज बांधता येतो. ॲन चाओ यांनी 1984 मध्ये मांडलेले सूत्र त्यासाठी वापरतात.

उपयोग
जाळे ताणायला आधार लागतो, त्यामुळे चराई, वणवा किंवा वृक्षलागवडीने गवताची रचना बदलली की कोळ्यांचा समूहही बदलतो. कागदोपत्री ‘पडीक’ ठरलेल्या माळासाठी हा पुरावा मोलाचा आहे. मात्र लागवडीपूर्वीची मोजणी नसेल, तर नंतरच्या आकड्यांवरून काय गमावले ते कळत नाही.